अमेरिकेतून मेक्सिकोत कॅम्पर नेताय? आधी एवढंच बघा

मुलांना घेऊन कॅम्परने, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने निघताय, मस्तच! फक्त अंधारात गाडी चालवू नका. कारण 'तोपे', म्हणजे तिथले गतिरोधक. पुष्कळदा ना पट्टा, ना पाटी. ओआहाकाच्या अलीकडे असाच एक आमच्याकडून भर दुपारी चुकला आणि सायलेन्सर लोंबायला लागला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तारेने आवळून दिला, तो थेट घरापर्यंत टिकला!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- अमेरिकेतला विमा चालेल असं धरून चालतात. मेक्सिकन विमा वेगळा घ्या.
- दिवसाला ५०० किलोमीटर आखतात. मुलं सोबत असताना २५० पुरे.
- टोलसाठी रोख पेसो ठेवत नाहीत.

गाडी बंद पडलीच तर ०७८ फिरवा. हिरव्या गाडीतले 'आंखेलेस व्हेर्देस', म्हणजे रस्त्यावरचे सरकारी मदतनीस येतात, मजुरी घेत नाहीत, फक्त सुट्या भागांचे पैसे द्यायचे. पंक्चरला 'व्हुल्कानिसादोरा' अशी पाटी शोधा; बहुतेक दारात जुना टायरच टांगलेला असतो.