जुनी वेबसाइट चालतेय, मग नवीन कशाला करायची?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की नंदुरबारला मिरची पावडरचा घरचा धंदा आहे, वेबसाइट २०१४ ची, अजून उघडते, तर मुलगा म्हणतो म्हणून सव्वा लाख कशाला घालायचे. मी जळगावला चौदा वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसती जुनी दिसते म्हणून साइट बदलू नका. पण तुमचा आजचा धंदा ती सांगत नसेल आणि गिऱ्हाईक तिच्यावरून तुमच्यापर्यंत पोचत नसेल, तर मुलगा बरोबर बोलतोय.

मागच्या वर्षी इथल्या एमआयडीसीत एका दालमिलवाल्या काकांकडे गेलो होतो. त्यांचंही हेच, चालतेय ना भो. म्हटलं काका, तुमच्याच मोबाईलवर उघडून दाखवा. उघडली तर अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरात, दोन बोटांनी ताणायचं मग उजवीकडे सरकवायचं, आणि एवढं करून फोन नंबर सापडला तो ०२५७ वाला लँडलाइन, जो त्यांनी कधीच बंद केलेला. खाली व्हॅटचा टिन नंबर, जीएसटी लागून (१ जुलै २०१७) इतकी वर्षं झाली तरी. बाहेरगावचा व्यापारी पहिल्यांदा माल मागवताना जीएसटी नंबर टाकून बघतो हो, त्याला वाटणार मिल बंद पडलीये. मग चौकशीचा फॉर्म भरून बघितला, मेल कुठे जातो तर आधीच्या मॅनेजरने उघडलेल्या खात्यावर, आणि तो नोकरी सोडून नाशिकला गेलेला. त्याला फोन लावून पासवर्ड घेतला, इनबॉक्स उघडला. सुरत, इंदूर, एक तर दुबईहून, "तूरडाळ तीस किलोची बॅग, रेट कळवा", एकाखाली एक, सगळ्या न उघडलेल्या. काका किती वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हाई काय व्हयनं भो". मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांचा माल एक नंबर आहे.

आता तुमचं. २०१४ ची साइट म्हणजे ती कॉम्प्युटरसाठी बनलेली असणार. नंतर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि खेड्यापाड्यात सगळेच मोबाईलवर बघायला लागले. गूगलनेही २०१५ च्या एप्रिलपासून मोबाईलवर नीट दिसणाऱ्या साइट मोबाईलच्या सर्चमध्ये वर घ्यायला सुरुवात केली आणि आता तर ते साइटचं मोबाईलवरचं रूपच धरतात. तेव्हाचा बॅनर फ्लॅशमध्ये (हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र) असेल तर २०२० संपल्यापासून त्या जागी काही दिसतच नाही. साइट ज्यात लिहिलीय ती पीएचपी भाषा ५.६ किंवा त्याआधीची असेल तर तिचे सिक्युरिटी अपडेट २०१८ च्या शेवटापर्यंत बंद झालेत, अशा साइटमध्ये कुणीही घुसून नको त्या जाहिराती टाकून जातं.

मराठी मजकूर कसा टाकलाय ते नक्की बघा. त्या काळात बरेच जण शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, किंवा मग मजकुराचा फोटोच काढून लावायचे. आता कुणी मोबाईलवर मराठीत "नंदुरबारची लाल मिरची" असं शोधलं तर तुमच्या पानावर ते शब्द युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) पाहिजेत, नाहीतर गूगलला ते सापडणार कसे? माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात मोठं कारण हेच आहे, कारण तुमच्या गावाचं नावच मिरचीसाठी चालतं. पथारीवर लाल मिरची वाळतेय असा एक खरा फोटो टाका, इंटरनेटवरून उचललेला नको, फक्त कॅमेऱ्यातून निघालेली आठ एमबीची फाईल जशीच्या तशी चढवू नका. मोबाईल घेऊन धडगावकडे जा आणि तिथल्या रेंजवर साइट उघडून बघा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदात दिसावा हे गूगलचंच माप आहे.

काही गोष्टींना मात्र नवीन साइट लागत नाही. ब्राउझर "नॉट सिक्युअर" दाखवतो (क्रोम २०१८ च्या जुलैपासून दाखवतंय) ते एसएसएल (साइटच्या सुरक्षित कनेक्शनचं सर्टिफिकेट) टाकून जातं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं. फोन नंबर, जीएसटी, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी नंबर बदलणं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावणं, ही एका दुपारची कामं आहेत. तुमचं एवढंच अडलं असेल तर सव्वा लाख ठेवा खिशात.

आणि करायचीच ठरली तर माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका दुकानाची साइट मी नवीन केली, दिसायला छान झाली, पण सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावलेच नाहीत. गूगलवरून येणारे लोक "पान सापडत नाही" वर धडकायला लागले, दोन महिन्यांत त्यांचे फोन कमी झाले, आणि मला कळलं ते त्यांनी तक्रार केल्यावर. तेव्हापासून आधी गूगलच्या सर्च कन्सोलमधून कुठल्या पानांवर लोक येतात ती यादी काढतो, मगच कामाला हात लावतो. तुमच्या एजन्सीला हेच विचारा, जुन्या पत्त्यांचं काय करणार. उत्तर देताना अडखळले तर दुसरी बघा. काम पावसाळ्यात करून घ्या, दिवाळीनंतर पथाऱ्या भरलेल्या असताना साइट बंद ठेवू नका.

त्याच्याही आधी डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते काढा. खूप जणांचं ते बनवणाऱ्या पोराच्या नावावर आणि त्याच्याच मेलवर असतं, पोरगा पुण्याला गेला की सापडत नाही, आणि रिन्यूअल चुकलं की सगळंच गेलं. आज रात्री तेवढं बघा आणि फॉर्म भरून मेल कुठे जातो तेही बघा, मला कळवा, मग एजन्सीला काय काय लेखी मागायचं ते मी लिहून देतो.