मेलबर्नला जाताय? जूनपर्यंत टीम ठरवू नका

नागपूरच्या मनीषनगरातलं एक कुटुंब जानेवारीत मेलबर्नला निघालंय, सहा वर्षांचा मुलगा सोबत. त्यांनी विचारलंय की तिथे ऑफिसात पहिल्याच आठवड्यात "तुमची टीम कोणती" असं विचारतात म्हणे, तर कोणती सांगावी? आणि विदर्भाचे सामने तिथून कसे पाहावे?

भाऊ, आधी हे पक्कं करून घ्या की प्रश्न क्रिकेटचा नसतो. मेलबर्नमध्ये 'फुटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला तिथे सॉकर म्हणतात. सिडनीत फुटी म्हटलं की बहुतेकदा रग्बी लीग असते, त्यामुळे सिडनीतल्या मित्राचा सल्ला इथे चालणार नाही. प्रश्न येतो तो असा: "हू डू यू बॅरॅक फॉर?", म्हणजे तुम्ही कोणत्या टीमच्या बाजूचे? उत्तर देताना बॅरॅक हाच शब्द वापरा. अमेरिकन मालिकांमधला 'रूट फॉर' तोंडात बसला असेल तर नागपुरातच सोडून जा. ऑस्ट्रेलियात 'रूट' शब्दाला अश्लील अर्थ आहे.

पहिले काही महिने "आत्ताच आलोय, अजून ठरवतोय" एवढं पुरतं. कोणाला राग येत नाही. उलट प्रत्येक जण आपल्या टीमकडे ओढायला बघतो आणि ओळखी तिथूनच होतात. घाईत नाव सांगून चार महिन्यांनी बदललं तर मात्र ते लोकांच्या लक्षात राहतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नागपूरला आयपीएलची स्वतःची टीम नाही. म्हणून आपल्याकडे कोणी सचिनमुळे मुंबईचा, कोणी धोनीमुळे चेन्नईचा, तर २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सचे सामने जामठ्याला, म्हणजे नागपूरच्या स्टेडियमवर, झाले म्हणून कोणी काही दिवस त्यांचा. खेळाडू गेला की आपणही गेलो, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. फुटीत टीम येते ती वस्तीतून आणि घरातून. हे क्लब मुळात मोहल्ल्यांचे आहेत. कार्लटन १८६४ चा. आठ क्लबांची लीग १८९७ मध्ये सुरू झाली, १९०८ मध्ये रिचमंड आलं, १९२५ मध्ये हॉथॉर्न, नॉर्थ मेलबर्न आणि फुट्सक्रे. आजच्या १८ टीमपैकी नऊ एकट्या मेलबर्न शहराच्या, दहावी जिलाँगची, साधारण ७५ किलोमीटरवर. कामठीच्या माणसाला फुटबॉलमध्ये रब्बानी क्लबच का, हे जसं विचारावं लागत नाही, तसंच हे आहे.

म्हणून गुणतक्ता पाहून टीम निवडू नका. आधी घर कुठे मिळतं ते पाहा. बरीच भारतीय कुटुंबं पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कूक भागात राहतात. तिकडे गेलात तर पहिला विचार वेस्टर्न बुलडॉग्जचा करा. फुट्सक्रेचा तो जुना क्लब हाच, रंग लाल-पांढरा-निळा. विदर्भाच्या माणसाला हा क्लब कळायला वेळ लागणार नाही. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि पहिला करंडक मिळाला २०१७-१८ ला, इंदूरच्या अंतिम सामन्यात गोलंदाज रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकनंतर. बुलडॉग्जचं पहिलं विजेतेपद १९५४ चं, दुसरं २०१६ चं. मधल्या ६२ वर्षांत ज्यांनी रंग बदलला नाही, त्यांची नातवंडं आज ट्रेनमध्ये तोच मफलर घालून दिसतात. रिचमंड काळ्या-पिवळ्या रंगाचं, चिन्ह वाघ; ताडोबाच्या शेजारून जाणाऱ्याला मोह होईल, आणि त्यात काही चूक नाही. कॉलिंगवुड काळं-पांढरं, चाहते प्रचंड, पण बाकी सगळ्या क्लबांचं हाडवैर त्यांच्याशीच. ते ओझं उचलायची तयारी असेल तरच घ्या.

मार्चमध्ये मोसम सुरू होतो, सप्टेंबरअखेरीस अंतिम सामना. त्याच्या आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्यात चक्क सार्वजनिक सुट्टी. ऑफिसात 'टिपिंग' चालतं: दर आठवड्याला प्रत्येक सामन्याचा विजेता लिहून द्यायचा. त्यात नाव जरूर घाला. सगळ्या टीम खेळत असतील तर नऊ सामने, म्हणजे दोन महिन्यांत अठराही नावं आपोआप पाठ होतात.

नियम एवढे आले तरी पहिला सामना समजतो. मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार भाग. खेळ थांबला की घड्याळही थांबतं, म्हणून एक भाग प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास जातो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या आखूड खांबांतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. फलकावर १०.८ (६८) दिसलं तर दहा गोल, आठ बिहाइंड, एकूण ६८. चेंडू हाताने फेकता येत नाही, मुठीने मारावा लागतो. घेऊन पळताना दर १५ मीटरला जमिनीला टेकवावा किंवा टप्पा द्यावा लागतो. कमीत कमी १५ मीटर आलेली किक झेलली की 'मार्क': सगळे थांबतात, झेलणाऱ्याला मोकळी किक. आणि चेंडूसकट कोणी पकडला गेला की अख्खं स्टेडियम एका सुरात "बॉऽऽल!" ओरडतं. चेंडू वेळेत सोडला नाही, दंड द्या, अशी ती पंचाकडे मागणी.

मुलासाठी 'ऑसकिक' आहे, जवळच्याच मैदानावर लहान मुलांना फुटी शिकवतात. नोंदणी वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवा. खरं सांगायचं तर अनेक स्थलांतरित घरांत टीम मुलंच ठरवतात: वर्गातल्या मित्राची ती आपली. तसं झालं तर बापाने वेगळी धरू नये.

पहिला सामना एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर पाहा, लाखभर माणसांचं मैदान आहे. स्टेशन रिचमंड किंवा जोलिमाँट. आता एक गोष्ट आपल्या लोकांची हमखास चुकते. तिकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो. जून-जुलैत दुपारचा सामना असेल तर दक्षिणेच्या, म्हणजे शेन वॉर्न स्टँडमध्ये पुढच्या रांगा घ्या. तोंड उत्तरेला, ऊन अंगावर. उत्तरेच्या बाजूला बसलात तर सावलीत गारठाल. पण पुढच्या रांगांवर छप्पर नाही, पावसाचा अंदाज असेल तर मागे सरका. नागपूरचा डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवून स्वेटर नेला तर पुरत नाही. वारा अडवणारं जाकीट हवं.

सदस्यत्व लगेच पूर्ण मोसमाचं घेऊ नका. बऱ्याच क्लबांकडे मोजक्या सामन्यांचं स्वस्त सदस्यत्व मिळतं, पहिल्या वर्षी तेवढं बस. एमसीसीचं, म्हणजे मेलबर्न क्रिकेट क्लबचं, सदस्यत्व ही वेगळी गोष्ट, तिथली रांग कित्येक वर्षांची.

आता विदर्भ. तो सोडायचा नाही, आणि सोडावा लागतही नाही, कारण रणजीचा मोसम फुटीच्या सुट्टीतच येतो. ऑक्टोबर ते एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. जामठ्याला साडेनऊला पहिला चेंडू पडतो तेव्हा तिथे दुपारचे तीन. पाचला ऑफिस सुटतं तेव्हा लंच चाललेला, म्हणजे पुढची दोन सत्रं घरी बसून मिळतात. थेट चित्रण सगळ्या सामन्यांचं नसतं. बीसीसीआयच्या संकेतस्थळावर चेंडूगणिक धावफलक मिळतो. सौराष्ट्राविरुद्धचा २०१८-१९ चा आणि केरळविरुद्धचा २०२४-२५ चा, हे दोन्ही अंतिम सामने जामठ्यालाच झाले. तसं पुन्हा झालं तर त्या आठवड्यात दुपारच्या मीटिंगा आधीच हलवून ठेवा. आयपीएलचा संध्याकाळचा सामना मात्र मार्चमध्ये रात्री एकला सुरू होतो आणि एप्रिलमध्ये घड्याळ मागे गेल्यावर बाराला. दुपारचे साडेतीनचे सामने तिथे तेव्हा रात्री आठला येतात, तेवढेच धरा.