उसाला क्लोरपायरीफॉस हे औषध मारून आल्यावर वडिलांचे हात थरथरतात, सकाळी बरे होतात. काळजी करावी का?

करावी. आणि ‘सकाळी बरे होतात’ याचीच जास्त. करवीर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. हुमणीच्या (उसाची मुळं खाणाऱ्या अळीच्या) दिवसांत असे थरथरते हात काउंटरवर अधूनमधून दिसतात.

तुम्ही सांगितलेलं क्लोरपायरीफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक. नस स्नायूला हुकूम देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. हुकूम पोचला की ते मोडून टाकायला कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं, आणि हे औषध त्यालाच जखडून ठेवतं. मग हुकूम थांबतच नाही. स्नायू फडफडतात, घाम, लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. कीडसुद्धा अशीच मरते.

थरथर थांबली म्हणजे एन्झाइम भरून आलं असं नव्हे. लाल पेशींमधलं एन्झाइम नव्या पेशी तयार होतील तसंच भरतं. त्याला तीनेक महिने लागू शकतात. त्याआधीच पुन्हा पंप पाठीवर घेतला तर जुन्या तुटीवर नवी तूट. मोठा डोस गेला असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या येतात, चाल ढिली पडते.

आपली माणसं तोंडाला रुमाल बांधतात आणि बाटलीतलं घट्ट औषध उघड्या हातानं बादलीत ढवळतात! रानात हे शिरतं ते मुख्यतः कातडीतून. गळका पंप, पाठीला चिकटलेला ओला शर्ट, वर त्याच हातावर मळलेली तंबाखू. नायट्राइलचे हातमोजे घ्या, रानातनं आल्या आल्या साबणानं आंघोळ, आणि ते कपडे घरच्या धुण्यात नकोत.

सध्या त्यांची फवारणी बंद करा, डॉक्टरांना दाखवून कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून घ्या. औषध न मारताही हात थरथरत असतील तर थायरॉइड, साखर, पार्किन्सन्स हेही बघावं लागेल.

दम लागला, छातीत घरघर सुरू झाली, तर अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा आणि बाटलीसकट थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या. लेबलावरचं नाव दिसलं की ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा निर्णय लवकर होतो. दूध पाजत बसू नका. कोल्हापुरात कशावरही दूध हाच उपाय, पण यावर ते चालत नाही. उलटी होऊन श्वासनलिकेत जायचा धोका तेवढा वाढतो.