वडिलांना मणक्याच्या मारानंतर दिवसातून ४-५ वेळा नळीने लघवी काढायला सांगितलंय. दिवसभर वावरात असताना कसं जमेल?

जमतं, दादा. त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी जागा लागत नाही. अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्येच दाखवलं की साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. खरा धोका लघवी तुंबण्याचा. मूत्राशय फार ताणलं की जंतू वाढतात, दाब मागे जाऊन किडनी खराब होते. म्हणून दर ४ ते ६ तासांनी, एका वेळी ४००-५०० मिलीच्या आतच रिकामं करायचं.

वावरात जाताना डबीत नळी, पाण्यात विरघळणारी जेली (खोबरेल किंवा व्हॅसलीन नको), साबण आणि घरून भरलेली पाण्याची बाटली न्या. विहिरीचं, पाटाचं पाणी यासाठी वापरू नका. फवारणी केली असेल तर हात आणखी नीट धुवायला सांगा. नळी अडली तर जोर लावायचा नाही. थांबून, लांब श्वास घेऊन पुन्हा हळूच.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात नळीच्या कंटाळ्याने माणसं पाणीच कमी पितात. हे अजिबात होऊ देऊ नका, प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. थंडी वाजून ताप, कंबरदुखी, लघवीतून जास्त रक्त, किंवा नळी जातच नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.