कायद्याचा सल्ला : दंड भरला, पण नोंद राहिली

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावी 2015 साली शेताच्या बांधावरून भाऊबंदांशी भांडण होऊन माझ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 323 (मारहाण करून दुखापत) व 504 (शांतताभंग होईल असा मुद्दाम अपमान) खाली खटला झाला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. गुन्हा कबूल केल्यास कोर्टाचे हेलपाटे वाचतील असे सांगण्यात आल्यामुळे मी मान डोलावली, दीड हजार रुपये दंड भरला आणि विषय मिटला असे समजलो. आता रेल्वे भरतीत निवड झाली असून चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायचा आहे. एक एजंट पैसे घेऊन ‘रेकॉर्ड क्लिअर’ करून देतो म्हणतो. ही नोंद कायद्याने पुसता येते का? अर्जात ती न लिहिल्यास चालेल का? पुढे पासपोर्टही काढायचा आहे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : एजंटाला एक रुपयाही देऊ नये. कोर्टाचा निकाल आणि पोलीस ठाण्याचे दप्तर बाहेरच्या माणसाला बदलता येत नाही, आणि कोणी बदलून दिलेच तर तो नवा व मूळ गुन्ह्यापेक्षा मोठा गुन्हा ठरेल. ठरावीक वर्षे सरळ वागल्यावर जुनी शिक्षा संपुष्टात आली असे मानणारा कायदा ब्रिटनमध्ये 1974 पासून आहे. प्रौढ व्यक्तीसाठी तसा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवल्याचा निकाल, जाते ती वरच्या कोर्टाने रद्द केली तरच.

त्यामुळे पहिले काम निकालाची प्रमाणित नक्कल काढणे हे आहे. खटला क्रमांक आणि दंडाची पावती घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. निकालपत्र कन्नडमध्ये असण्याचीच शक्यता अधिक आहे. परंतु शक्य असेल तर आरोपीला त्याच्या भाषेत भाषांतर देण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. सीमाभागात या तरतुदीचा वापर व्हावा तितका होत नाही, असे माझे मत आहे. निकालासोबत आपल्या कबुलीजबाबाचीही नक्कल मागावी. अशा समन्स खटल्यात, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, आरोपीने गुन्हा कबूल केल्यास ती कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे कायदा सांगतो. आरोप आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितला गेला होता का, आणि कागदावर आपले शब्द आहेत की सर्वांसाठी एकच असलेले छापील कन्नड वाक्य व त्याखाली आपली सही आहे, हे वकिलाकडून नीट वाचून घ्यावे. तसे वाक्य सापडले म्हणून निकाल आपोआप रद्द होत नाही. मात्र मांडण्यासारखा मुद्दा हाती येतो.

गुन्हा कबूल केलेला असल्यामुळे अपील केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच करता येते. कबुलीच सदोष होती असे म्हणायचे असेल, तर खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने तपासून पाहावा असा पुनरीक्षण अर्ज, ज्याला वकील मंडळी रिव्हिजन म्हणतात, तो बेळगावच्या सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे करावा लागेल. दोन्हींपैकी एकच दार निवडायचे असते. एकीकडे अर्ज फेटाळला गेला म्हणून त्याच माणसाला दुसरीकडे पुन्हा रिव्हिजन करता येत नाही. मुदत 90 दिवसांची असून ती कधीच उलटून गेल्यामुळे विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल, आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘आता नोकरी लागली म्हणून आलो’ हे कारण कोर्टाला पटणे कठीण आहे. शिवाय अर्ज मान्य झाला तरी खटला पुन्हा चालवण्याचा आदेश होऊ शकतो, याची तयारी ठेवावी.

त्याच अर्जात आणखी एक मागणी अवश्य करावी. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 3 नुसार, पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाला दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकते. आपली दोन्ही कलमे या मर्यादेत बसतात. असा आदेश रिव्हिजनमध्येही करता येतो (कलम 11), आणि तो मिळाल्यास त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही (कलम 12). दोषी ठरल्याची वस्तुस्थिती तेवढ्याने मिटत नाही, पण दंडाच्या आदेशापेक्षा ही स्थिती पुष्कळ बरी. खटला चालू असतानाच ही मागणी कोणी केली असती, तर आजची अडचण बरीच कमी असती. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास तालुका कायदेविषयक सेवा समितीकडे अर्ज करावा; उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो.

रेल्वेच्या अर्जात मात्र काहीही लपवू नये. केंद्र सरकारच्या पडताळणी अर्जात अटक, खटला, दंड आणि दोषसिद्धी यांविषयी वेगवेगळे विचारलेले असते, म्हणून ‘नुसता दंडच तर झाला’ ही पळवाट चालत नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तरुण वयातील घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा, जो उघड केला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तो लपवला गेल्यास नियुक्ती करणारे खाते आपल्या अधिकारात त्याकडे दुर्लक्ष करू शकते. एक नोव्हेंबरला सीमाभागात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या मोर्चात घोषणा दिल्याबद्दल गुन्हे दाखल झालेल्या आपल्याकडील अनेकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, परंतु त्याच्या भरवशावर रकाना कोरा सोडू नये, कारण दुर्लक्ष करणे ही खात्याची मर्जी आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे. सत्य सांगितल्यावरही नेमणूक द्यायची की नाही हे खाते ठरवते. आपण कलम, वर्ष, दंडाची रक्कम आणि भांडण बांधाचे होते हे थोडक्यात लिहून निकालाची नक्कल जोडावी.

पासपोर्टची चिंता नको. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झालेली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. आपले प्रकरण त्यात येत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने सोळाव्या वर्षी मित्रांच्या नादाने मोटारसायकल चोरली होती. बाल न्याय मंडळाने त्याला समज देऊन घरी पाठवले. आता तो एकवीस वर्षांचा आहे. ती नोंद त्याला नोकरीत आडवी येईल का?
— एक पालक, निपाणी

उत्तर : येऊ नये. जुनी नोंद पुसता येत नाही, या वरच्या उत्तरातील नियमाला कायद्याने ठेवलेला मोठा अपवाद तो हाच. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 24 नुसार अशा मुलाला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर संबंधित अभिलेख नष्ट करावे लागतात. अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा खटला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालवला असेल, तो यातून वगळला आहे. मोटारसायकलची चोरी त्या प्रकारात मोडत नाही. कायदा असला तरी ठाण्यातील रजिस्टर आपणहून कोणी तपासत नाही. म्हणून मंडळाच्या आदेशाची नक्कल घ्यावी, मंडळाकडे अभिलेख नष्ट करण्याविषयी लेखी अर्ज द्यावा, पोलीस ठाण्यालाही तशी सूचना द्यावी अशी विनंती त्यातच करावी, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये.