लिनक्स सुरू होताना नेटवर्कवरचा शेअर आपोआप माउंट का होत नाही?

तुम्ही म्हणता की एफएसटॅबमध्ये (कोणता शेअर कुठल्या फोल्डरवर माउंट करायचा, म्हणजे जोडायचा, हे लिहिलेली फाइल) ओळ टाकली आहे, हाताने ‘सुडो माउंट -ए’ दिलं की नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवरचा) शेअर लगेच दिसतो, पण रीस्टार्ट केलं की फोल्डर रिकामं. म्हणजे ओळीत खोट नाही. पत्ता किंवा पासवर्ड चुकला असता तर हातानेही माउंट झालं नसतं. अडतंय ते वेळेवर.

लॅपटॉप वायफायवर असेल तर आधी एक गोष्ट तपासा. डेस्कटॉपवर वायफायचा पासवर्ड बरेचदा फक्त तुमच्या युजरपुरता साठवलेला असतो. मग तुम्ही लॉगिन करेपर्यंत वायफाय जोडलंच जात नाही आणि माउंट त्याआधीच प्रयत्न करून मोकळं झालेलं असतं. नेटवर्क मॅनेजरमध्ये ते कनेक्शन सर्व युजरसाठी खुलं करा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

ओळीत ‘_नेटडेव्ह’ (हे माउंट नेटवर्कवर अवलंबून आहे असं सांगणारा ऑप्शन) टाका असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. त्याने नुकसान नाही, पण सीआयएफएस (विंडोज किंवा सांबा पद्धतीचा शेअर) आणि एनएफएस (युनिक्स-लिनक्स पद्धतीचा) हे नेटवर्कवरचे प्रकार आहेत हे सिस्टमडी (बूटच्या वेळी सेवा आणि माउंट चालवणारा प्रोग्राम) नावावरूनच ओळखतं, त्यामुळे इथे फारसा फरक पडत नाही. शिवाय नेटवर्क आलं तरी समोरचा नॅस जागा असेलच असं नाही, आणि माउंट एकदा फसलं की सिस्टमडी स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही.

म्हणून मी बूटच्या वेळी माउंट करण्याचा हट्टच धरत नाही. ऑप्शनमध्ये ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ आणि ‘नोफेल’ लिहितो. मग सुरू होताना त्या फोल्डरवर फक्त पहारा बसतो, आणि कोणी पहिल्यांदा त्यात डोकावलं की त्या क्षणी खरं माउंट होतं. नॅस बंद असला तरी मशीन अडून राहत नाही. सोबत ‘एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट’ १० सेकंद ठेवा. नाहीतर सर्व्हर सापडला नाही तर साधारण दीड मिनिट फाइल मॅनेजर गोठून बसतो. बदल केल्यावर ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ द्यायला विसरू नका (म्हणजे सिस्टमडी एफएसटॅब पुन्हा वाचतं), आणि मग रिमोट-एफएस टार्गेट (सिस्टमडीमधला नेटवर्क माउंटचा गट) रीस्टार्ट करा.

सांबाचा पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल मशीनवरचा कोणीही वाचू शकतो. युजरनेम-पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मालकी रूटची (अ‍ॅडमिन युजरची), परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि ओळीत ‘क्रेडेन्शियल्स=’ पुढे तिचा पाथ द्या. ‘यूआयडी=’ आणि ‘जीआयडी=’ मध्ये तुमच्या युजरचा आणि ग्रुपचा आकडा टाका, नाहीतर फायली दिसतील पण लिहिता येणार नाही. शेअरच्या नावात स्पेस असेल तर तिच्या जागी \०४० हवं (आकडे इंग्रजी).

शेअरवर बॅकअप घेत असाल तर हे नक्की करा. माउंट झालं नसताना बॅकअप चालला तर सगळा डेटा त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्याच डिस्कवर जातो. नंतर शेअर माउंट झाला की तो त्याखाली झाकला जातो: डिस्क भरलेली दिसते, पण कशाने ते सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे शेअर अनमाउंट असताना रिकाम्या फोल्डरवर रूट म्हणून ‘सीएचअ‍ॅटर +आय’ चालवा. मग माउंटशिवाय तिथे रूटलाही काही लिहिता येत नाही, आणि बॅकअप गुपचूप भलतीकडे जाण्याऐवजी सरळ एरर देऊन थांबतो.