'वेडी गवतलिपी' लिहिणारा भिक्षू : गवत कुठून आले?

प्रश्न असा आहे : 'आठव्या शतकातला चिनी भिक्षू ह्वाइसू हा वेडी गवतलिपी लिहिणारा विक्षिप्त सुलेखनकार होता' असे वाक्य वाचनात आले. ही अक्षरे गवतासारखी दिसतात म्हणून हे नाव पडले का? आणि 'वेडी' व 'विक्षिप्त' हे शब्द इथे बरोबर आहेत का?

गवताचा इथे काहीही संबंध नाही. मूळ चिनी शब्द आहे 'त्साओशू'. यातल्या 'शू'चा अर्थ लेखन. 'त्साओ'चा पहिला अर्थ गवत हे खरे, पण त्याच शब्दाचा तितकाच रुळलेला दुसरा अर्थ कच्चे, घाईत केलेले, अजून हात न फिरवलेले असा आहे. आजच्या चिनीत 'त्साओकाओ' म्हणजे लिखाणाची कच्ची प्रत, 'त्साओआन' म्हणजे कायद्याचा किंवा ठरावाचा मसुदा, आणि 'ल्याओत्साओ' म्हणजे गचाळ अक्षर. यापैकी एकाही शब्दात चिनी माणसाला गवत दिसत नाही. इंग्रजीत कुणीतरी पहिला अर्थ उचलून 'ग्रास स्क्रिप्ट' केले, ते रूढ झाले आणि तिथून ते गवत मराठीत उगवले.

या अर्थाला मराठीत जोडीचा शब्द अगदी हाताशी आहे : खर्डा. कच्चा खर्डा, खरडणे, खर्डेघाशी ही सगळी मंडळी 'त्साओ'च्याच घरची वाटावीत. (कोल्हापूरचा मिरचीचा खर्डाही जाडाभरडाच असतो.) 'खर्डेघाशी' तर इतिहासालाही धरून आहे, कारण ही लिपी जन्मली ती कारकुनांच्या हाती. हान राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागे, सरकारी कामासाठी जी लिपी चाले तिचे नाव 'लीशू', म्हणजेच कारकुनी लिपी. रोजचे हिशेब, रसदीच्या नोंदी, सीमेवरच्या चौक्यांचे निरोप लाकडाच्या अरुंद पट्ट्यांवर भराभर उतरवताना याच लिपीतले फटके, म्हणजे कुंचल्याच्या एकेका ओढीत उमटणाऱ्या रेघा, गळू लागले, एकमेकांत मिसळू लागले. वायव्य चीनमध्ये ज्यूयान इथे सापडलेल्या पट्ट्यांवर ही घाई डोळ्यांनी पाहता येते. इसवी सन 100च्या सुमारास श्यू शन याने चिनी अक्षरांचा कोश पूर्ण केला. त्याच्या उपसंहारात हान राजवटीबरोबर त्साओशू आली अशी नोंद आहे.

मग सरळ 'खर्डालिपी' म्हणावे का? उगमापुरते शोभते. पण पुढे हीच लिपी कलेच्या शिखरावर गेली आणि तिथे खर्डा तोकडा पडतो. दुसऱ्या शतकातला चांग चृ हा या लिपीचा आद्य गुरू मानला जातो. 'फार गडबडीत आहे, त्साओशूला वेळ नाही' असे तो म्हणत असे, अशी नोंद आहे. म्हणजे घाईतून निघालेल्या लिपीला तोवर सवड लागू लागली होती.

नाव शोधताना मला सर्वांत उपयोगी पडते ती कवी आणि सुलेखनकार सू शी (1037–1101) याची उपमा. तो म्हणतो, प्रमाण लिपी म्हणजे उभे राहणे, 'शिंगशू' म्हणजे चालणे आणि 'त्साओशू' म्हणजे धावणे. ज्याला उभे राहता येत नाही, चालता येत नाही, तो धावणार कसा? मराठीत हे जसेच्या तसे बसते : उभी लिपी, चालती लिपी, धावती लिपी. 'शिंग' या शब्दाचा अर्थच मुळी चालणे असा आहे. इंग्रजीत मात्र शिंगशूलाच 'रनिंग स्क्रिप्ट' म्हणतात. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याने तिला धावती म्हटले, की त्साओशूसाठी शब्दच उरत नाही आणि पुन्हा गवत शोधावे लागते. घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

काहींना 'चिनी मोडी' सुचेल. हात न उचलता लिहिणे हे साम्य खरे आहे. पण मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरे तिच्याखाली लटकवत जातात. शिवाय मोडी ही स्वतंत्र वर्णमाला म्हणून शिकावी लागते. त्साओशूत अक्षर तेच राहते, फक्त त्याची बांधणी आखडते. म्हणून 'मोडीसारखी' म्हणावे, 'मोडी' म्हणू नये.

आखडते कशी, ते जरा जवळून पाहू. चिनी अक्षराच्या डाव्या अंगाला बहुधा अर्थसूचक घटक असतो. 'वाणी' हा घटक सात फटक्यांचा. धावत्या लिपीत त्याचा एक उभा, खाली आकड्यासारखा वळणारा फटका होतो. 'पाणी' हा तीन फटक्यांचा घटकही एका उभ्या ओढीत उरकतो आणि 'माणूस' या घटकाचेही तेच. आता तीन वेगळे घटक जवळपास एकाच रेघेवर आले. वरचा ठिपका सुटा आहे की जोडलेला, शेवट आत वळतो की तसाच खाली उतरतो, एवढ्यावर अर्थ ठरतो. ही आखडण्याची रीत ठरलेली आहे, प्रत्येकाने मनाने करायची नाही. जो मनाने करतो त्याचे लिखाण दिसायला झोकदार असते आणि वाचता कुणालाच येत नाही. नवशिक्याची नेहमीची चूक आणखी वेगळी : एका फटक्यातून दुसऱ्याकडे जाताना कुंचला कागदावरच राहतो आणि बारीक तंतू उमटतो. हा तंतू फटक्याइतका जाड झाला की वाचणाऱ्याला तोही फटकाच वाटतो आणि अक्षर बदलते. त्यासाठी मनगट टेकवत नाहीत, पूर्ण हात अधांतरी ठेवतात आणि दाब खांद्यातून कमीजास्त करतात. शाई सहाणेवर चंदन उगाळावे तशी दगडावर उगाळतात. फार दाट झाली तर कुंचला अडखळतो आणि रेघ तुटते, फार पातळ झाली तर न खळवलेल्या कागदावर फुटते.

याच लिपीने दोन मोठी देणी दिली. जपानी हिरागाना त्साओशूच्या वळणांतून घडली. आणि चीनने विसाव्या शतकात अक्षरे सोपी केली तेव्हा 'पूर्व', 'गाडी', 'लांब' यांची नवी रूपे या धावत्या रूपांवरूनच बेतली. खुद्द 'शू', लेखन, हे अक्षरही त्यातलेच.

आता 'वेडी'. ह्वाइसू लिहायचा त्या प्रकाराचे नाव 'ख्वांगत्साओ'. त्यात नुसते अक्षरातले फटके जुळत नाहीत, तर अक्षरामागून अक्षर जुळत जाते आणि अख्खी ओळ कधीकधी एका दमात उतरते. 'ख्वांग' या अक्षरात डावीकडे कुत्रा आहे. श्यू शनचा कोश त्याचा अर्थ पिसाळलेला कुत्रा असाच देतो आणि आजही रेबीजच्या चिनी नावात हाच शब्द आहे. एवढे पाहून 'वेडी' किंवा 'पिसाट' म्हणायचा मोह होतो. पण शब्दाला दुसरा पदर आहे. मध्यममार्गी सोबती मिळत नसतील तर 'ख्वांग' माणसे पत्करावीत, कारण ती पुढे झेपावतात, असे कन्फ्यूशियस म्हणतो. तिथे 'ख्वांग' म्हणजे आजार नव्हे, आवेग. हे दोन्ही पदर सांभाळणारा मराठी शब्द मला 'बेभान' वाटतो. वारीत माणूस बेभान नाचतो तेव्हा पाऊल टाळावरच पडते. ह्वाइसूच्या लेखनाचेही तेच आहे.

त्याचा पुरावा म्हणजे त्याची 'आत्मकथन' ही गुंडाळी, लेखनाचे साल 777. ती तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. कागद 28.3 सेंटिमीटर उंच आणि साडेसात मीटरहून लांब. 126 ओळी, 702 अक्षरे. सुरुवातीच्या सहा ओळी नष्ट झाल्या होत्या, त्या अकराव्या शतकात सू शुनछिन याने लिहून जोडल्या. उरलेला भाग ह्वाइसूच्या हातचा की पुढच्या काळातली हुबेहूब प्रत, यावर जाणकारांत वाद आहे. सुरुवातीला अक्षरे आटोपशीर, ओळीत पाच-सहा. शेवटाकडे जाताना ती फुगत जातात, काही ओळींत दोन-तीनच मावतात. पण रेघ बघा : वेग कितीही वाढो, ती तारेसारखी गोल आणि जवळपास एकाच जाडीची राहते. कुंचल्याचे टोक रेघेच्या मध्यावरून चालले तरच हे होते. टोक कडेला कलले की रेघेची एक बाजू धारदार आणि दुसरी खरबरीत उमटते, आणि ते लपत नाही. भान सुटलेल्या हाताला 700 अक्षरे हे जमणार नाही. 'मी फू' नावाचा सुलेखनकार (1051–1107) हा जबरदस्त टीकाकार. ह्वाइसूच्या आधीचा सुलेखनकार चांग श्यू याला त्याने जुनी रीत बिघडवणारा म्हणून झोडपले, पण ह्वाइसूने तीत थोडा साधेपणा, थोडी शांतता आणली एवढे मान्य केले. स्वतः मी फू एका खडकाला 'थोरले बंधू' म्हणून नमस्कार करणारा, लोकांनी त्यालाही 'वेडा मी' हेच नाव दिले होते.

म्हणजे चिनी परंपरेत वेडाचे दोन वेगळे शब्द झाले आणि मराठीतही ते वेगळे ठेवायला हवेत. लिपीला 'ख्वांग', माणसाला 'द्येन'. 'द्येन चांग, झ्वेइ सू' अशी जोडीच आहे : वेडा चांग, झिंगलेला सू. चांग श्यू दारूच्या तारेत ओरडत धावे, कधी डोक्याचे केसच शाईत बुडवून लिही आणि शुद्धीवर आल्यावर ते पुन्हा जमत नाही म्हणे, अशी नोंद तांग राजवटीच्या इतिहासात आहे. त्याला 'वेडा चांग' म्हणणे हे भाषांतरच आहे, आपले मत नव्हे. ह्वाइसूला मात्र वेडा म्हणण्याचे कारण नाही.

त्याला 'विक्षिप्त' तर मुळीच म्हणू नये. रोजच्या मराठीत विक्षिप्त माणूस म्हणजे तिरसट, कधी काय करील याचा नेम नसलेला. शिवाय योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथे विक्षिप्त म्हणजे एकाग्रतेच्या अलीकडेच राहिलेले, मध्येच ठरणारे आणि पुन्हा भरकटणारे चित्त. ह्वाइसूचा सराव याच्या उलट टोकाला होता. हूनान प्रांतातल्या लिंगलिंगचा हा मुलगा लहानपणीच भिक्षू झाला. कागद परवडत नव्हता, म्हणून त्याने दहा हजारांवर केळी लावल्या आणि त्यांच्या पानांवर लिहिले, असे सांगतात. आकडा वाढवलेला असेल, पण युक्ती पटते : ती केळ फळासाठी लावतच नाहीत, तिचे पान मोठे आणि गुळगुळीत असते. लू यू, म्हणजे चहावर ग्रंथ लिहिणारा तोच, याने ह्वाइसूचे चरित्र लिहिले आहे. त्यात लाखेसारखा रोगण दिलेल्या फळीवर लिहून पुसून, पुन्हा लिहून फळीला भोक पडल्याचे वर्णन आहे. आपल्याकडे धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवत, तोच मार्ग. झिजलेले कुंचले त्याने पुरून ठेवले, त्याला 'कुंचल्यांची समाधी' म्हणतात.

अशा माणसासाठी मराठीत 'अवलिया' आहे. मूळ अरबी शब्द 'वली'चे अनेकवचन. आपल्याकडे तो एकवचनी झाला आणि साधू व कलंदर या दोघांच्या मधल्या जागेवर स्थिरावला. ह्वाइसू नेमका त्याच जागेवर उभा आहे. त्याच्या एका चिठ्ठीत तो लिहितो, की छांगशा शहरात मासे खात होतो, राजधानी छांगआनला आल्यापासून मांस बरेच खातो आणि लोक हसतात. त्याच्या नावातल्या 'सू'चा मूळ अर्थ न रंगवलेले पांढरे रेशीम, त्यावरून साधे. आणि चिनीत शाकाहारी जेवणालाही हाच 'सू' लागतो. शांघाय संग्रहालयात रेशमावरची त्याची दुसरी चिठ्ठी आहे, फक्त 14 अक्षरांची : कडू बांबूचे कोंब आणि चहा फारच छान, लगेच पाठवले तरी चालेल, ह्वाइसूचा नमस्कार.

'सुलेखनकार' राहू द्या, मात्र एक जाणीव ठेवून. 'सुलेखन' म्हटल्यावर आपल्याला सुबक, वळणदार अक्षर आठवते. चिनी शब्द 'शूफा', म्हणजे लेखनाची रीत. त्यात 'सु' नाही. यान चनछिंग या समकालीन सुलेखनकाराने ह्वाइसूशी बोलताना चांगल्या रेघेला गळक्या छपरातून भिंतीवर ओघळलेल्या पाण्याच्या डागाची उपमा दिली होती. तो ओघळ थांबत थांबत, वाट काढत उतरतो. त्याला कुणी सुबक म्हणणार नाही.

तेव्हा मूळ वाक्य मी असे लिहीन : 'आठव्या शतकातला चिनी भिक्षू ह्वाइसू हा बेभान धावती लिपी लिहिणारा अवलिया सुलेखनकार होता.' मूळ संज्ञा द्यायची असेल तर पहिल्या उल्लेखापुढे 'ख्वांगत्साओ' एकदा द्यावी, पुढे 'बेभान लिपी' पुरे. 'त्साओ'चा उच्चार करताना 'चमचा'तल्या दातांजवळच्या च पासून सुरुवात करा आणि त्यात थोडा श्वास मिसळा. 'चहा'तला च तिथे चालत नाही.